ओळीची उजवी बाजू

८ डिसेंबर

धाकटे,

अनेक आशीर्वाद. हे पत्र खाली बसून, दोन्ही हात मोकळे ठेवून वाच. मशीन चालवता चालवता वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे. मागे एकदा माझं अख्खं पत्र तू कुणाच्या तरी पँटीच्या अस्तरात शिवून टाकलं होतंस.

ऑपरेशन झालं. गळ्यातली गाठ काढली आणि तपासायला पाठवली. रिपोर्टला वेळ आहे म्हणतात. तोवर आणि त्यानंतरही काही आठवडे मला बोलायची बंदी आहे. कुजबुजायचंसुद्धा नाही. मला! तुझ्या भाऊजींना लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःचं वाक्य पूर्ण करायला मिळतंय, त्यामुळे ते इतके बोलतात की ज्यांच्या घरी आम्ही खोली घेतलीय त्या मावशी दार लावून बसतात. मी पाटीवर लिहिते. ते चष्मा शोधेपर्यंत माझा राग विरून जातो.

फोनवर मी काय करणार? मोबाइलवर ‘गवत’ लिहायला गेले की ‘गाढव’ उमटतं. आणि मळ्यात तुझ्या फोनला रेंज मिळणार ती विहिरीच्या कठड्यावर चढल्यावर. त्यापेक्षा पत्र बरं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण इलाज नाही.

सख्ख्या बहिणीला मागितलं नसतं ते तुझ्याकडे मागितलंय. तू दुकान नवऱ्यावर सोडून माझी बाग राखायला आलीस. जाऊ असावी तर अशी, हे मी लिहून देते, म्हणजे पुढे भांडणात दाखवता येईल.

आता कामाचं. शर्त तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. तुझे भाऊजी म्हणाले होते, तीन हंगाम तुझ्या मनासारखे. बागेत विषारी औषध नाही, तणनाशक नाही. तिसऱ्या हंगामाला वाइनवाल्यांनी सगळाच्या सगळा माल घेतला तर फवाऱ्याचं इंजिन भंगारात. एक गाडी जरी परत आली तरी गवत जाळायचं आणि पहिल्यासारखं सगळं चालू. मी हो म्हटलंय. हा तिसरा हंगाम आहे, आणि नेमकी मी इथे पडलेय.

ओळींमधलं गवत बघून घाबरू नकोस. ते वाढलेलं नाही, वाढवलंय. एक आड एक पट्टा उभा ठेवायचा, मधला कापून वेलींच्या बुडाशी अंथरायचा. त्यानं ओल टिकते आणि माती तापत नाही. उभ्या गवतात किडे खाणारे किडे राहतात, ते आपले बिनपगारी गडी. पाणी मी ठरवलंय तेवढंच दे. वेल दुपारी मान टाकतील, तुला दया येईल, तरी देऊ नकोस. वाइनच्या द्राक्षाचे लाड करायचे नसतात. मणी लहान राहिला की सालीत रंग आणि चव भरते. एरवी गवत चारायला सोडतो त्या मेंढ्या आता आत सोडू नकोस. घड त्यांच्या तोंडाशी लटकतात, आयतंच ताट. गंधकाची भुकटी चालते, पण कडक उन्हात मारायची नाही, पान करपतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मणी मोठे व्हायला लागले की प्रत्येक ओळीची उजवी बाजू मोकळी कर. घडांभोवतीची पानं काढायची, म्हणजे वारा खेळतो आणि भुरी बसत नाही. भुरी म्हणजे ती पांढरी बुरशी, पिठासारखी. डाव्या बाजूच्या एकाही पानाला हात लावायचा नाही.

मी डॉक्टरांना पाटीवर लिहून विचारलं, हे फवाऱ्यांमुळे झालं का? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. नसेल सांगता येत. पण त्या वासात मला पुन्हा जायचं नाही, धाकटे. एवढंच आहे बघ.

हे पत्र तुझे भाऊजी पेटीत टाकायला नेतील आणि वाटेत वाचतील. वाचा हो, वाचा.

तुझी
अक्का

२१ डिसेंबर

अक्का,

साष्टांग नमस्कार. भाऊजी, तुम्हालाही, कारण हेही तुम्हीच आधी वाचणार.

सगळं ठीक आहे. आधी हे सांगते, नाहीतर तुम्ही शेवटापासून वाचायला लागाल. शेजारचे काका रोज बांधावर येऊन विचारतात, ही बाग आहे की कुरण? मी म्हणते, काका, या चरायला. परवापासून जरा कमी येतात.

आमचे हे दुकान सांभाळतायत. एका साहेबांच्या शर्टाला काजं उलटीकडून केली. साहेब म्हणे आता डाव्या हाताने बटणं लावायला शिकतायत. जाऊ दे, संसार आहे.

पाणी तुम्ही सांगितलं तेवढंच देते. दुपारी वेल मान टाकतात तेव्हा मी घरात जाऊन बसते, बघवत नाही.

आणि पानांचं काम फत्ते! बायका लावल्या, मी स्वतः पुढे. प्रत्येक ओळीची उजवी बाजू अशी मोकळी केलीय की शिवणकामात मी इतका साफ गळा कधी कापला नसेल. डाव्या बाजूला बोटसुद्धा लावू दिलं नाही. एकीनं चुकून दोन पानं तोडली तर मी तिला इतकी ओरडले की ती म्हणाली, बाई, वेलीची पानं आहेत, तुमच्या सोन्याच्या बांगड्या नाहीत. आता दुपारी चहा घेऊन बसलं की सगळे घड उन्हात असे झळकतात! काचेच्या मण्यांची दुकानं लागावीत तसे. तुम्ही असतात तर दृष्ट काढली असतीत.

रिपोर्ट आला का? तुम्ही रिपोर्टबद्दल एका ओळीत उरकता, ते मला आवडत नाही. गवताला पान भरून आणि स्वतःला एक ओळ.

शाबासकी पाठवा. नुसती नको, लेखी.

तुमची
धाकटी

२९ डिसेंबर

धाकटे,

दुपारी? दुपारी कसे झळकतील?

अगं बाई, दुपारी ते सावलीत असायला हवेत! घराला पाठ करून ओळीच्या तोंडाशी उभी राहा. समोर लांब विहीर दिसेल. आता तुझा जो उजवा हात, ती ओळीची उजवी बाजू. तिकडून सूर्य उगवतो. सकाळचं कोवळं ऊन घडांना मिळावं, दव सुकावं, म्हणून ती मोकळी करायची. डाव्या बाजूला मावळतीचं ऊन येतं, भाजून काढतं, म्हणून तिकडची पानं ठेवायची. तू कुठली बाजू काढलीस? खरं सांग. नाही, सांगू नकोस, दुपारी झळकतात म्हटलंस तिथेच कळलं.

चूक तुझी आहे. छे, माझी आहे, मी उगवती-मावळती लिहायला हवं होतं. घरात सगळे उजवी-डावीच म्हणतात, माझ्या हातून तसंच लिहिलं गेलं. जाऊ दे, चूक कुणाची ते आपण म्हातारपणी ठरवू.

तुटलेलं पान परत चिकटत नाही. यंदा थंडीतच उन्हाची लाट येणार म्हणतात, ती यायच्या आत मावळतीकडची बाजू झाक. जाळी, पोती, जुन्या चादरी, काहीही. घडावर थेट ऊन नको. एकदा मणी भाजला की तो गेला, आणि त्याची करपट चव शेजारच्या चांगल्या मण्यांनाही बुडवते. थुंकेसाहेबांच्या जिभेतून ते सुटणार नाही. (थुंकेसाहेब म्हणजे वाइनवाल्यांचा तो माणूस, जो कापणीआधी येतो, ओळीओळीतून मणी चावतो आणि थुंकतो. नाव बायकांनी ठेवलंय, त्याच्यासमोर म्हणू नकोस.)

हे पत्र मावशींच्या हातून गुपचूप टाकतेय. तूही मावशींच्याच नावानं पाठव. तुझ्या भाऊजींनी तुझं पत्र वाचलं आणि ‘छान चाललंय’ म्हणाले! इतकी वर्षं बाग केलेला माणूस, आणि दुपारच्या उन्हावरून डोळे तसेच सरकले. त्यांचं चित्त ठिकाणावर नाही. रोज दवाखान्यात जाऊन रिपोर्ट विचारतात आणि मला सांगतात, फिरायला गेलो होतो. त्यांना हे कळलं तर ते एका फोनवर शेजारच्या काकांकडून सगळं उरकून घेतील. कळू देऊ नकोस.

मला झोप येत नाही. डोळे मिटले की घड दिसतात.

अक्का

१४ जानेवारी

अक्का,

कुठल्या तोंडानं लिहू?

तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी, भर थंडीच्या दिवसांत, उन्हाची लाट आली. बाहेर पाय ठेववत नव्हता. संध्याकाळी ओळीत गेले तर मावळतीकडच्या घडांवर तपकिरी डाग. हाताला लागले ते मणी कोमट होते, अक्का, आजारी पोराच्या कपाळासारखे. तोवर मला वाटत होतं की द्राक्षं पिकायला लागली! मी बायकांना आनंदानं सांगितलं, बघा रंग यायला लागला. दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

कसं झालं ते सांगते, मग हवं तेवढं रागवा. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक समोर उभं असतं. उजवी बाही म्हणजे त्याच्या उजव्या हाताची. ती माझ्या डाव्या हाताला असते. इतकी वर्षं मी समोरच्याचा उजवा तो उजवा धरत आले. ओळीच्या तोंडाशी उभी राहिले तर मला वाटलं, ओळ माझ्यासमोर उभी आहे, तोंड माझ्याकडे करून. मग तिची उजवी बाजू कुठली? माझी डावी! माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही, अक्का. मी अगदी मापात चुकले.

दुकानातून अस्तराच्या कापडाचे सगळे तागे मागवले. ह्यांनी विचारलं नाही कशाला, आणून टाकले. मशीन पंपाच्या खोलीत लावलं आणि ओळीएवढ्या लांब पट्ट्या शिवल्या, वरच्या तारेला बांधता येतील अशा नाड्या लावून. बायका म्हणाल्या, आम्ही माणसांना कपडे बघितले, बागेला नाही. दोन दिवसांत सगळी मावळती झाकली.

पण आगीतून फुफाट्यात. कापडाच्या आत हवा कोंडली, आणि काल सकाळी घडांच्या पोटात पांढरं पीठ दिसलं. भुरी. मी बोटानं पुसलं, परत बघितलं, भुरीच आहे. या उन्हात गंधक मारता येत नाही, तुम्हीच लिहिलं होतं. कापड काढलं तर भाजतील, ठेवलं तर बुरसतील.

शेजारच्या काकांनी बांधावरूनच ओळखलं. म्हणाले, माझ्याकडे ड्रम भरलेला आहे, एक फवारा पुरे, आत मुरणारं औषध आहे, कोणाला कळणार नाही. खरं सांगते, मी ‘नको’ म्हटलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

काय करू, ते लगेच लिहा. दोन शब्द लिहा. मी रोज फाटकाशी उभी असते.

तुमची
धाकटी

२४ जानेवारी

धाकटीस आशीर्वाद.

हे पत्र माझं आहे, तिचं नाही. घाबरू नकोस, पण तिला परत दवाखान्यात ठेवलंय. टाक्यांच्या जागी पू झाला, ताप चढला. शुद्धीवर आहे, पण अंगात त्राण नाही. रिपोर्ट अजून आलेला नाही, गाठीचा तुकडा पुन्हा तपासायला मोठ्या लॅबमध्ये पाठवलाय. रोज उद्या म्हणतात.

मावशींनी तुझं पत्र माझ्या हातात दिलं. मला म्हणाल्या, आता लपवण्यात काय अर्थ. मी ते दवाखान्याच्या जिन्यावर बसून वाचलं. म्हणजे तुम्ही दोघी महिनाभर माझ्यापासून चोरून हे करत होतात. असो. आता रागवायला माझ्याकडे जागा नाही.

तुझं पत्र तिला दाखवलं नाही, दाखवणारही नाही. तिनं पाटीवर पहिला शब्द लिहिला तो ‘बाग’. मी म्हटलं, ठीक आहे.

आता मी सांगतो ते ऐक. औषध मार. काकांना मी फोन केलाय, ते ट्रॅक्टर घेऊन येतील, तू फक्त फाटक उघड. शर्तबिर्त गेली खड्ड्यात. ती बागेच्या काळजीनं झुरते आहे. बाग वाचली असं मला तिला सांगता आलं पाहिजे. कशानं वाचली ते तिला कळायची गरज नाही. तूही सांगू नकोस, कधीच नाही. घरातला मोठा म्हणून सांगतोय. विनंती म्हणून घेतलंस तरी चालेल.

मला बाग नको आहे. मला ती घरी यायला हवी आहे.

तुझा भाऊजी

२ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार. घाईत लिहितेय, अक्षर लागत नसेल तर माफ करा.

तुमचं पत्र यायच्या आधीच काकांचा ट्रॅक्टर आला होता. ‘तुझ्या जेठांचा हुकूम आहे, फाटक उघड’ म्हणाले. मी म्हटलं, हुकूम लेखी आणा. ते म्हणाले, फोनवर झालंय. मी म्हटलं, मग फवाराही फोनवर मारा. भाऊजी, मी तुमच्या शेजाऱ्याशी असं बोलले. मग ते स्वतः फाटक उघडायला उतरले, तर मी माझी स्कूटर फाटकाला आडवी लावली आणि तिच्यावर बसले. बायका सगळ्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, एक जण तर विळा घेऊन. काका म्हणाले, उद्या बुरसली की माझ्याकडे येऊ नकोस. आणि गेले.

दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं. वाचून मी रडले, खोटं का सांगू? तुम्ही आयुष्यात मला कधी काही मागितलं नाहीत, आणि मागितलंत ते हे. पण मी फाटक उघडलं नाही, आणि उघडणार नाही.

अक्का बऱ्या होऊन येतील. पहिल्या दिवशी बागेत जातील, एक पान तोडून नाकाशी नेतील, आणि त्यांना कळेल. त्यांना कळत नाही असं आपल्या घरात कधी काही राहिलंय का? मग त्या गळ्यानं त्या काय बोलतील तेही सोडा. त्या काही बोलणारच नाहीत, आणि ते तुम्हाला सोसणार नाही. त्यांनी मला बाग राखायला दिली, भाऊजी. तुमचं मन राखायला दिलं असतं तर मी तेही केलं असतं.

चूक माझी आहे, ती मला निस्तरू द्या. मी विहिरीच्या कठड्यावर चढून थुंकेसाहेबांना फोन लावला. सगळं खरं सांगितलं, उजव्या-डाव्यासकट. आधी ते हसले, मग किती ओळी भाजल्या ते विचारलं. म्हणाले, सकाळी कापड वर करा, वारा जाऊ द्या, ऊन चढलं की खाली सोडा. एक भाग दुधात नऊ भाग पाणी घालून सकाळच्या उजेडात घडांवर मारा, भुरी आटोक्यात येते. आणि भाजलेले, बुरसलेले घड दया न करता कापून टाका.

तेच करतेय. रोज पहाटे दुधाच्या किटल्या येतात. बायका म्हणतात, आमच्या पोरांना एवढं दूध मिळालं नाही. मी मावळतीकडचे घड कापते आणि गवतावर टाकते. टप टप आवाज येतो. कापताना डोळे मिटून घ्यावेसे वाटतात, पण कात्री हातात असते.

वाचेल की नाही माहीत नाही. अक्का कशा आहेत ते कळवा. ‘ठीक’ असं लिहू नका.

तुमची
धाकटी

२० फेब्रुवारी

धाकटे,

मी आहे. खोलीवर परत आले. गाठ साधी निघाली, त्यातली नव्हे. रिपोर्ट आला त्या दिवशी तुझे भाऊजी डॉक्टरांसमोर खुर्चीत बसले ते उठेचनात. शेवटी नर्सनं त्यांनाच पाणी दिलं. आवाज यायला मात्र वेळ लागेल. पहिल्यासारखा येईलच असं नाही.

‘बाग कशी आहे?’ मी रोज लिहायचे. ते ‘ठीक’ म्हणायचे आणि कान खाजवायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून हा माणूस खोटं बोलताना कान खाजवतो. चार दिवसांपूर्वी त्यांचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात तुझं पत्र. त्यांनी माझी वाचली, मी त्यांचं वाचलं, फिटंफाट.

मी पाटीवर इतकं लिहिलं की खडू संपला. काकांना फोन करायची तुमची हिंमत कशी झाली, हे लिहिलं. माझ्या नावानं मलाच फसवणार होतात, हे लिहिलं. त्यांनी सगळं वाचलं. मग म्हणाले, ‘तू असतीस तर भांडायला तरी मिळालं असतं, म्हणून केलं.’ पाटी पुसून टाकली. पण दोन दिवस त्यांच्याकडे बघितलं नाही.

स्कूटर आडवी लावलीस म्हणे. ट्रॅक्टरसमोर बसायचं असतं का असं? पुन्हा करू नकोस. आणि पुन्हा गरज पडली तर कर.

आता ऐक. मावळतीकडचे खराब घड तू कापलेस, चांगलं केलंस, मीही कापले असते. कापलेले मी शर्तीत धरत नाही. पण उरलेल्यांतली एक गाडी जरी परत आली, तरी शर्त गेली, हे मला दिसतंय. मावळतीकडे उरलेल्या घडांना ती चव असणारच. तरी एक थेंब औषध नको. हरायचं तर स्वच्छ हरू. मी शब्द दिलाय, मी पाळीन, तुझ्यावर बोट येणार नाही.

असं लिहिलंय खरं, पण कापणीच्या दिवशी मला एक क्षण चैन पडणार नाही. संध्याकाळी लगेच लिही, थकली असलीस तरी.

अक्का

११ मार्च

अक्का,

कापणी झाली. तुम्ही सांगितलंत म्हणून अंघोळीच्या आधी लिहितेय, कागदाला द्राक्षाचा रस लागेल.

थुंकेसाहेब पहाटेच आले. उगवतीच्या बाजूनं चालत गेले, मणी चावले, बी दाताखाली फोडली, थुंकले, मान हलवली. अशी, वरखाली. म्हणाले, तीन हंगामांतला सगळ्यात चांगला माल. साल जाड, मणी लहान, रंग पोटापर्यंत. तपासणीत विषाचा अंशही निघाला नाही, तो कागद त्यांनी मला दिला. मी त्याला दोनदा हात लावून बघितला.

मग मावळतीकडे वळले. मी त्यांच्या मागोमाग. त्यांनी चावलं, थांबले, पुन्हा चावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘ताई, हे नाही घेता येणार.’ मी म्हटलं, भाजलेले सगळे काढलेत हो. म्हणाले, ‘डोळ्यांना दिसणारे काढलेत.’ तेवढेच शब्द. तरी कारखान्यात एकदा बघा म्हणून मी मावळतीची गाडीही पाठवली; उगवतीची गाडी त्यांनी घेतली, मावळतीची परत आली. परत आलेली उकिरड्यावर खत म्हणून उलटली, बायकांपैकी कोणी गाणं म्हटलं नाही.

म्हणजे तुम्ही हरलात. माझ्या डाव्या-उजव्यापायी तुमचे तीन हंगाम गेले. तुमच्या गळ्यासाठी मी जे करायला आले होते त्याच्या उलट करून चाललेय. मला कोणी काही बोलत नाही, तेच जास्त लागतंय. तुम्ही तरी बोला. आवाज नसला तरी लिहून बोला, चांगलं झोडपा.

पंधरवड्यानं तुम्ही दोघं याल. मी आदल्या दिवशीच निघेन. पळून नाही, दुकानात कामं साठलीत. खरं म्हणजे पळूनच.

तुमची
धाकटी

७ एप्रिल

धाकटीस आशीर्वाद.

तिनं तुला लिहिलं असेल की सगळं ठीक आहे, हवा चांगली, तब्येत चांगली. म्हणून मी वेगळं लिहितोय. हे पत्र तिला माहीत नाही. आपल्या घराला चोरून पत्र लिहायची खोडच लागलीय.

तू न भेटता निघून गेलीस याचा तिला राग आहे. दुकानाचं कारण तिला पटलेलं नाही.

आता शर्तीचं. आम्ही आल्यावर मी तो विषयच काढला नाही. म्हटलं, विसरेल. पण ती तुझी अक्का. परवा सकाळी स्वतः शेडमधून फवाऱ्याचं इंजिन बाहेर काढायला लावलं. आता ती थोडं बोलते, पण आवाज खरखरीत झालाय, जाड कापड फाडावं तसा. म्हणाली, ‘एक गाडी परत आली. गवत जाळायचं ठरलं होतं, जाळा.’ मी म्हटलं, कशाला आता, राहू दे. तर म्हणाली, ‘उद्या म्हणाल हिनं शब्द फिरवला. मला उपकार नकोत.’ हट्टाला पेटली. मग मीही पेटलो. म्हटलं, बरं. ड्रममध्ये तणनाशक कालवलं.

धाकटे, आमच्याकडे फवारा कसा चालायचा ते तू बघितलेलं नाहीस. इंजिन एका जागी बांधावर उभं असतं. त्याला लांब नळी. मी इंजिनापाशी, दाब बघायला, औषध कालवायला. नळी घेऊन ओळीत जायची ती. कामाची वाटणी म्हणून तसं पडलं होतं, कोणी ठरवलं नव्हतं. माझी कंबर धरायची आणि ती चपळ होती, एवढंच. इतकी वर्षं मी तिची पाठच बघत आलो, धुक्यात शिरणारी.

परवा मी इंजिन चालू केलं आणि सवयीनं तिकडे बघितलं. तिनं पदर तोंडावर बांधला होता, गळ्यावरचा टाक्यांचा व्रण झाकून. नळी उचलली आणि ओळीत निघाली. मागे बघितलं नाही. तिला वास सोसत नाही म्हणून तीन वर्षं भांडली ती बाई, शब्द दिला म्हणून नळी घेऊन चालली होती. आणि मी इंजिनावर हात ठेवून उभा.

डॉक्टर म्हणाले होते, सांगता येत नाही. मला कशाला सांगायला हवं होतं?

मी इंजिन बंद केलं. एक थेंबही बाहेर पडला नव्हता अजून. तिनं वळून विचारलं, ‘काय झालं?’

मी म्हटलं, ‘डिझेल संपलं.’

ती नळी टाकून परत आली. टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. टाकी काठोकाठ भरलेली होती, सकाळी तिच्यासमोरच भरली होती मी. तिनं झाकण लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

‘मग आणू नका,’ म्हणाली, आणि नळी गुंडाळायला लागली.

तुझा भाऊजी